डोलकाठीला टांगलेलं मडकं

पोर्ट लुई, मॉरिशस
२२ मार्च २०२५

ती. बाबा,
नमस्कार.

तुम्ही फोनवर येत नाही, म्हणून कागदावर लिहिते. फोटो काढून प्रतिभाताईंना पाठवीन, त्या तुम्हाला दाखवतील. तुम्हालाही काही लिहावंसं वाटलं तर तसंच करा.

भूपेंद्रला जाऊन आज शेहेचाळीस दिवस झाले. शनिवारी ताप आला आणि मंगळवारी सकाळी दवाखान्यात तो गेला. एवढंच झालं बाबा, सांगायला याहून जास्त काही नाही. इथं जुनी मराठी वस्ती आहे, पणजोबा-खापरपणजोबांपासूनची. त्या लोकांनी सगळं रीतीनं केलं. अग्नी मी दिला, कारण दुसरं कोणी नव्हतं. एका आजींनी मातीचं मडकं आणून अस्थी त्यात भरल्या आणि तोंडाला लाल फडकं बांधून दिलं.

सगळे म्हणतात, बोट इथंच सोड आणि विमानानं जा. मी तसं करणार नाही. पुण्याचं घर सोडून निघालो तेव्हापासून त्याचं एकच म्हणणं होतं, की जगभर फिरायचं आणि शेवटी तापीच्या मुखाशी नांगर टाकायचा. बोटीचं नावसुद्धा त्यासाठीच तापीचं, ‘सूर्यकन्या’. सात वर्षांचा प्रवास झाला, शेवटचा टप्पा राहिलाय. तो मी त्याला पुरा करून देणार. चौमासा लागायच्या आत सुरतेला पोचते आणि अस्थी तुमच्या हातात आणून देते.

मडकं मी आत त्याच्या बिछान्यावर ठेवलंय, त्याच्या स्वेटरात गुंडाळून, पट्ट्यानं आवळून. कितीही हेलकावे बसले तरी हलत नाही.

तुमची
रंजिता


बुऱ्हाणपूर
२७ मार्च

चि. रंजिता,

वरची खाडाखोड दिसली असेल. हात सवयीनं ‘सौ.’ लिहून गेला. फोपनारच्या शाळेत छत्तीस वर्षं खाडाखोडीसाठी पोरांना छड्या मारल्या, आणि आज माझीच ही गत.

एकटी बाई समुद्रातून येणार म्हणतेस. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. तो गेला, पण जिद्द तुझ्याजवळ ठेवून गेला. तुम्ही दोघांनी माझं कधी ऐकलं होतं, की आता ऐकशील? ये बापा, जशी यायची तशी ये.

पण एक गोष्ट नीट समजून घे. माझ्याजवळ पासपोर्ट नाही, म्हणून मला अग्नी देता आला नाही. एकुलत्या लेकाचं तोंडही बघायला मिळालं नाही. बापाच्या हाताला काहीच आलं नाही गं. आता अस्थी तेवढ्या राहिल्या. नऊ वर्षांखाली तुझ्या सासूच्या, गोदाच्या, अस्थी भूपानं राजघाटावर ज्या पायरीवरून सोडल्या, त्याच पायरीवरून त्याच्या मी माझ्या हातानं सोडणार. आपल्या तापीत हाडंसुद्धा विरघळतात, दुसऱ्या कुठल्या नदीत असं होत नाही म्हणतात. मला दुसरं काहीच नको.

आणि हे काय करून बसलीस? अस्थी कोणी घरात नेतं का? तुझी बोट म्हणजे घरच झालं, तिथंच खाता, तिथंच झोपता. अशानं जीव घुटमळत राहतो, पुढं जात नाही. गोदाचं मडकं मी तीन दिवस मळ्यातल्या निंबाला टांगलं होतं. तसंच हेही बाहेर काढ आणि झाडाला टांग. विसरू नकोस.

कौतिक महाजन


पोर्ट लुई
३ एप्रिल

ती. बाबा,

इथून सुरतेपर्यंत एकही झाड नाही हो. उभी अशी एकच गोष्ट आहे, डोलकाठी, आणि तीही ॲल्युमिनियमची.

खरं सांगू का? बोटीवर उंच काही टांगू नये, जे आहे ते खाली, आत आणि आवळून ठेवावं, हा आमचा पहिला धडा. भूपेंद्र असता तर माझ्यावर ओरडला असता. दोन दिवस मी डोलकाठीकडे बघत बसले होते. मग वाटलं, सात वर्षांत आम्ही तुमचं एकही ऐकलं नाही. लग्नात तुम्ही सांगितलेला मुहूर्तसुद्धा मोडला होता. हे एक तरी ऐकावं.

तेव्हा आज सकाळी माझ्या डोक्याच्या वर हातभर उंचीवर, डोलकाठीला चार पदरी दोरीनं मडकं बांधलं. खालून हात पोचतो. परवा निघते. मध्ये दोन-सव्वादोन आठवडे पत्र नाही. रोज संध्याकाळी ताईंना उपग्रहावरून एक ओळ येईल, ‘ठीक’ म्हणून.

रंजिता


अड्डू, मालदीव
२३ एप्रिल

ती. बाबा,

अठरा दिवसांनी जमीन दिसली. वीस-वीस मिनिटांचा गजर लावून तुकड्यातुकड्यानं झोपायची मी, त्यामुळे पाय टेकला तशी दिवसभर झोपले. वाटेत उडणारे मासे डेकवर येऊन पडत. पहिले दोन दिवस मी ते भूपेंद्रला आवडतात म्हणून वेगळे काढून ठेवले, मग लक्षात आलं.

सातव्या दिवशी दुपारी एक वादळ भेटलं, अर्ध्या तासाचंच. एक शीड फाटलं, ते शिवलं. बोट ठीक आहे आणि मीही ठीक आहे.

इथून कोचीन. तिथं पोचले की भारत. ताईंना सांगा, फोडणीच्या खिचडीची फार आठवण येते.

रंजिता


बुऱ्हाणपूर
३० एप्रिल, आखाजी

चि. रंजिता,

शीड फाटलं, मासे पडले, खिचडी आठवली, सगळं लिहिलंस आणि मडक्याबद्दल एक अक्षर नाही! पेपरात मुख्य प्रश्न सोडून देणाऱ्या पोराला मी काय म्हणायचो, ते भूपाला ठाऊक होतं. मडकं कसं आहे, लिही.

आज आखाजी. प्रतिभानं पुरणपोळी, आमरस सगळं केलं. पितरांसाठी घागर भरली, गोदासाठी भरली. भूपाच्या नावाची घागर मी भरू दिली नाही. आधी अस्थी तापीत जाऊ देत, मग घागर. प्रतिभा रडली, भाऊच तो तिचा. रडू दे.

विसर्जनाचं ठरवलं आहे, २५ मे, रविवार. फोपनारचे भाऊबंद येतील, नेपानगरहून माझा भाचा योगेंद्र येईल. गुरुजींनाही सांगून ठेवलं.

आणखी एक. जानेवारीत त्याचा फोन आला होता, तुला मालूम असेल. म्हणाला, बाबा, मुंबईपासून तापीच्या मुखापर्यंतचे शेवटचे दोन दिवस तुम्ही माझ्याबरोबर बोटीवर या. मी म्हटलं, मला समुद्र बघायचा नाही, माझी नदी बस आहे मला. आणि फोन ठेवला. तो शेवटचा.

कौतिक महाजन


कोचीन
८ मे

ती. बाबा,

पोचले. कस्टमची पूछताछ, शिक्के, सगळं झालं. अधिकाऱ्यानं विचारलं, आणखी कोण आहे बोटीवर? मी म्हटलं, कोणी नाही.

मडकं डोलकाठीला बांधलेलं आहे. काळजी करू नका.

फोनचं मला ठाऊक होतं. तुम्ही फोन ठेवल्यावर तो हसत होता. म्हणाला, म्हातारा येणार बघ.

रंजिता


बुऱ्हाणपूर
११ मे

चि. रंजिता,

जीव भांड्यात पडला. मी अख्ख्या गल्लीत सांगत सुटलोय, की शिकलेल्या सुनेनं भर समुद्रात रीत पाळली. डोलकाठीला अस्थी बांधून आणतेय म्हटलं की लोक तोंडात बोटं घालतात. गुरुजी म्हणाले, असं त्यांनी उभ्या आयुष्यात ऐकलं नाही.

मी तुला कधी चांगलं म्हटलं नाही, रंजिता. भूपाला समुद्राचं वेड तूच लावलंस, असंच मी सात वर्षं धरून चाललो. आता म्हणतो, पोरी, तू चांगली आहेस. सांभाळून ये.

इथं ऊन चव्वेचाळीसच्या वर आहे. तापीचं पाणी उतरलंय, पण ती पायरी अजून पाण्याजवळ आहे. रोज सकाळी जाऊन बघून येतो.

कौतिक महाजन


मुंबई
१९ मे

ती. बाबा,

तुम्ही मला चांगली म्हणालात. ते पत्र मी आठ दिवस वागवतेय, आणि आता वागवणं होत नाही.

मडकं नाही बाबा. १२ एप्रिललाच गेलं.

तुमच्याकडे मे महिन्यात वादळ येतं आणि उभी केळीची बाग अर्ध्या तासात झोपते ना, तसं ते आलं. मी शीड उतरवायला पुढं धावले. बोट एका कुशीवर आडवी झाली आणि मडकं लंबकासारखं झुलून डोलकाठीवर आपटलं, दोनदा. दुसऱ्यांदा फुटलं. अस्थी, राख, सगळं डेकवर. मी गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी गोळा करायला लागले, पण वरून पाऊस, बाजूनं लाट. माझ्या बोटांमधून गेलं हो सगळं. वारा थांबला तेव्हा दोरीला मडक्याचा नुसता गळा लटकत होता आणि त्याला ते लाल फडकं. पुढच्याच लाटेनं तेही नेलं.

आत बिछान्यावर असतं तर राहिलं असतं, हे मला ठाऊक होतं. हे तुम्हाला टोचायला लिहीत नाही. ठाऊक असून मी बांधलं, तो दोष माझा.

अड्डूहून मी गप्प बसले आणि कोचीनहून खोटं लिहिलं. पूर्ण खोटंही नव्हतं, म्हणून जास्त वाईट. कोचीनच्या बाजारातून मी नवं मडकं आणलं, चहावाल्याच्या चुलीतली राख भरली, लाल कापड बांधलं आणि डोलकाठीला टांगलं. ठरवलं होतं, तुम्हाला कधी कळणारच नाही. तुमच्या हाताला काहीतरी येईल. रोज ते डोळ्यांपुढं हलायचं. गोव्याच्या पुढं आल्यावर सोडून समुद्रात टाकलं. चहावाल्याची राख तुम्ही गोदाआईंच्या पायरीवर भूपेंद्र म्हणून धरणार, हे माझ्यानं बघवलं नसतं.

काय बोलायचं ते बोला. मी मुंबईत आहे, नांगर टाकून.

रंजिता


बुऱ्हाणपूर
२० मे

रंजिता,

पत्र वाचलं. भाऊबंदांना निरोप दिला, की बोटीला उशीर आहे. गुरुजींनाही तेच सांगितलं.

तू इकडे येऊ नकोस. मला तुझं तोंड बघायचं नाही.

कौ. म.


बुऱ्हाणपूर
२६ मे

चि. रंजिता,

काल रविवार होता, ठरवलेला. कोणी येणार नव्हतं तरी मी राजघाटावर गेलो. त्या पायरीवर रिकामे हात घेऊन बसलो आणि रडलो. बायका धुणं धुवत होत्या, त्या बघत राहिल्या. बघू देत म्हटलं. फेब्रुवारीपासून मी रडलोच नव्हतो.

मागचं पत्र पुसून टाक. मडकं तुझ्या हातून गेलं नाही, माझ्या पत्रानं गेलं. माझ्या पोराला त्याच्या बायकोनं त्याच्याच बिछान्यावर, त्याच्याच स्वेटरात झोपवलं होतं. मी इथं खुर्चीवर बसून हुकूम सोडला, त्याला बाहेर काढ. ज्यानं समुद्र कधी बघितला नाही, त्यानं समुद्रातल्या माणसाला शहाणपण शिकवलं. मास्तर होतो ना!

आता तुला एक सांगतो, प्रतिभालाही हे आज हाच कागद बघून कळेल. फोन ठेवला त्याच्या आठ-दहा दिवसांनी मी दवाखान्यात जाऊन बोट लागू नये म्हणून गोळ्या आणल्या होत्या. रबरी तळाचे बूटही घेतले. येतो म्हणून सांगायचं होतं, पण एवढ्या लवकर सांगितलं तर म्हातारा नमला म्हणेल, म्हणून थांबलो. म्हटलं, थोडा तडफडू दे. बुधवारी सांगायचं ठरवलं होतं, तो मंगळवारीच गेला. बैल गेला नि झोपा केला म्हणतात, ते हे. गोळ्या अजून ट्रंकेत आहेत.

तो हसून म्हणाला ना, म्हातारा येणार? मग येतो मी. मुंबईहून पुढचे दोन दिवस त्यानं मला मागितले होते. गुरुवारी पोचतो. मला उतरवून घ्यायला स्टेशनवर ये. डेकवर तो कुठं सांडला, ती जागा मला दाखव. मला तिथं बसायचं आहे.

बाबा


मुंबई
२७ मे

ती. बाबा,

या. स्टेशनवर उभी असेन. पांढरं धोतर आणू नका, इथं टिकणार नाही. कानटोपी आणा, आणि बूट आणाच.

तुमचं पत्र वाचून मी डोलकाठीच्या बुडाशी जाऊन पालथी पडले. डेक सागवानी फळ्यांचं आहे. दीड महिना मी तिकडे बघायचंच टाळत होते. दोन फळ्यांच्या सांध्यात खूप आत काहीतरी करडं बसलेलं दिसलं. सुरीच्या टोकानं खरवडून काढलं. चमचाभरही भरलं नाही. भूपेंद्रची मासे धरायच्या गळांची डबी होती, तिच्यात ठेवलंय.

ते राख आहे की नुसतं वाळलेलं मीठ, मला सांगता येत नाही. समुद्राचं मीठ प्रत्येक सांध्यात बसतं. राखच आहे असं मी म्हणणार नाही, एकदा खोटं बोलून बघितलं आहे. तुम्हाला नको असेल तर सोडून देऊ.

डबी आत आहे, बिछान्यावर.

रंजिता


बुऱ्हाणपूर
६ जून

चि. रंजिता,

हे पत्र प्रतिभाच्या फोनवर द्यायचं नाही, म्हणून डाकेनं पाठवतो. का, ते पुढं कळेल.

चार दिवस झाले तरी माझी जमीन अजून हलते आहे. चालायला लागलो की भिंत धरतो. प्रतिभा हसते. अर्धं पाकीट गोळ्या खाऊनही उलट्या व्हायच्या त्या झाल्याच. माझ्या बापानंही मला कधी तुझ्यासारखं पाठीवरून हात फिरवत सांभाळलं नव्हतं. मुंबई दिसेनाशी झाली आणि चारी बाजूंना पाणी राहिलं, तेव्हा मला भीती वाटेल असं धरून चाललो होतो. भीती नाही वाटली, लाज वाटली. एवढं मोठं माझ्या पोरानं बघितलं आणि मी त्याला एकदाही विचारलं नाही, की बाबा रे, कसं असतं तिथं?

त्या जागेवर दोन दिवस बसू दिलंस. तू सुकाणूवर होतीस, म्हणून तुला वाटलं असेल म्हातारा झोपला. झोपलो नव्हतो. त्याच्याशी बोलत होतो. आणि दुसऱ्या दिवशी तू हाक मारलीस, बाबा, ते बघा, तेव्हा हिरव्या पाण्यात आपलं गढूळ पाणी शिरताना बघितलं. नांगराची साखळी खडखडत खाली गेली. भूपा, आलो रे, असं मी मोठ्यानं म्हणालो, ते तू ऐकलंस. ऐकलं नाही असं दाखवलंस, त्याबद्दल बरं वाटलं.

परवा, बुधवारी, विसर्जन झालं. फोपनारचे आले, योगेंद्र आला, गुरुजी आले. डबीतलं नव्या मडक्यात काढलं. सगळे म्हणत होते, डोलकाठीला बांधून आणलेल्या त्या याच अस्थी, आणि हात जोडत होते. मी काही बोललो नाही. तूही बोलू नकोस. बोट काठाला ओढून चौमाशापुरती बांधून झाली की इकडे ये. पुढल्या आखाजीला भूपाची घागर भरायची आहे, ती तू भर. तोवर तुझी खोली प्रतिभा लावून ठेवते.

आता जे डाकेनंच लिहायचं होतं ते.

गुरुजींचे मंत्र चालले होते. मी मडकं घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरलो, सगळ्यांकडे पाठ केली आणि त्यातली चिमूट जिभेवर ठेवली. पाप असेल तर असो. मला एकदा कळायला हवं होतं.

खारट लागली. निव्वळ खारट.

 मग मडकं पाण्यात कलतं केलं आणि सोडलं, हळूहळू, त्याच्या आईच्या शेजारी. मीठ असेल तर विरघळेल, आणि राख असेल तर आपल्या तापीत तीही विरघळेल. आणि खारट लागली म्हणून काय झालं, रंजिता? सात वर्षं समुद्रात राहिलेलं माझं पोरगं अळणी कसं लागेल?

तुझे
बाबा